पर्चेस खात्यातून कमाई: सोलापूरच्या कारखान्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

टॉवेलच्या कारखान्यात मी बरीच वर्षं खरेदी पाहिली. आता चिंचोली आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लहान-मध्यम कारखान्यांच्या पर्चेसवाल्यांसोबत बसते. फोनवर, व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे आहेत, वांद्याचे पुढे. एका उत्तरात येऊन गेलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खरेदीतून ‘व्हॅल्यू’ तयार होते म्हणजे नेमकं काय? आम्ही तर इंडेंट (मागणीची चिठ्ठी) आला की माल आणून देतो.

एक कल्पित कारखाना घ्या. वर्षाची विक्री १०० कोटी, त्यातली खरेदी ६० कोटी, हातात उरणारा नफा ६ कोटी. खरेदीत ३ टक्के वाचले तर १ कोटी ८० लाख थेट नफ्यात पडतात, म्हणजे नफा ३० टक्क्यांनी वाढतो. हेच पैसे विक्रीतून आणायचे तर ६ टक्के नफ्याच्या दराने आणखी ३० कोटींचा धंदा लागेल.

अकाउंट्सवाले इथे मला अडवतात आणि त्यांचं बरोबर असतं. विक्री वाढली म्हणून शेडचं भाडं किंवा ऑफिसचे पगार वाढत नाहीत, त्यामुळे ३० कोटी हा आकडा फुगलेला आहे. वाढीव विक्रीतून २५ टक्के सुटतात असं धरलं तर ७ कोटी २० लाखांची नवी विक्री पुरते. पण तेवढ्यासाठीसुद्धा नवं गिऱ्हाईक, जास्तीचं खेळतं भांडवल आणि मागांवर जागा लागते. खरेदीतल्या ३ टक्क्यांना त्यातलं काही लागत नाही.

हे ३ टक्के रेट घासून येत नाहीत, आले तरी टिकत नाहीत. आपण काय मागतो, किती मागतो, कधी मागतो आणि पैसे कसे देतो, या चार ठिकाणी ते दडलेले असतात. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) सही होईपर्यंत यातलं बहुतेक ठरून गेलेलं असतं. म्हणून पर्चेसवाल्याला डिझाइन आणि प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये खुर्ची हवी. ती मिळत नसेल तर मागून घ्या.

२. चांगला भाव करणं हेच तर आमचं काम. त्यात काय चुकलं?

भाव करायलाच हवा. पण किलोचा भाव कमी झाला म्हणजे माल स्वस्त पडला, असं होत नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात २० काउंटच्या (काउंट म्हणजे सुताचा बारीकपणा, आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक) सुताचा एक लॉट मी किलोमागे ४ रुपये कमी भावाने घेतला. मालक खूश, मीही खूश. तिसऱ्या दिवशी मागावरचा एक कामगार ऑफिसच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याची मजुरी नगावर. सूत सारखं तुटत होतं, दर थोड्या वेळाने माग थांबवून गाठ मारावी लागत होती. म्हणाला, “मॅडम, तुमचे चार रुपये वाचले, ते माझ्या पगारातून गेले.” मला उत्तर देता आलं नाही.

मग सूत तपासलं. पद्धत साधी आहे, प्रत्येक पर्चेसवाल्याने एकदा तरी आपल्या हाताने करावी. रॅप रीलवर (सूत मोजून गुंडाळायच्या चरख्यावर) १२० यार्डांची एक ली (लड) गुंडाळायची आणि ग्रॅमच्या काट्यावर ठेवायची. ६४.८ ला त्या वजनाने भागलं की काउंट मिळतो. २० काउंटची ली ३.२४ ग्रॅम भरायला हवी. आमच्या लीज सरासरी ३.३८ भरल्या, म्हणजे सूत १९ काउंटच्या आसपासचं, जाड. किलोमागे लांबी ४ टक्क्यांहून जास्त कमी मिळाली. आणि आपला टॉवेल विकला जातो नगावर! प्रत्येक नगात गिऱ्हाइकाने न मागितलेला कापूस आम्ही फुकट देत होतो. सुताचा भाव २५० रुपये धरला तर वाचले ४ आणि गेले जवळपास पावणेअकरा. तुटीमुळे थांबलेले माग आणि त्या माणसाची मजुरी वेगळीच.

ओलाव्याचंही असंच. सुती सुतात प्रमाणित ओलावा ८.५ टक्के धरतात. त्याहून ओलं सूत आलं तर आपण पाण्याला सुताचा भाव देतो. पीओवर काउंट, त्यातली चढउतार किती चालेल, ताकद आणि ओलावा हे चारही लिहा. ‘२० काउंट, चांगली क्वालिटी’ एवढंच लिहिलेल्या पीओवर भांडता येत नाही.

३. सुरुवात कुठून करायची? आमच्याकडे सॉफ्टवेअर वगैरे नाही.

गेल्या बारा महिन्यांचं पर्चेस रजिस्टर एक्सेलमध्ये काढा. पुरवठादार, वस्तू, नग, रेट, तारीख एवढे पाच रकाने पुरतात. रकमेप्रमाणे उतरता क्रम लावा. वरच्या थोड्या ओळींतच बहुतेक पैसा बसलेला दिसेल.

मग वस्तूंची नावं वाचा, सगळी. स्टोअरमध्ये ‘६२०५ बेअरिंग’, ‘बेअरिंग ६२०५ झेडझेड’ आणि ‘मागाचं छोटं बेअरिंग’ अशा तीन नोंदी, तीन दुकानांतून तीन रेटने घेतलेल्या, असं मी जवळजवळ प्रत्येक कारखान्यात पाहिलं आहे. एकत्र करण्याआधी मेन्टेनन्सवाल्याला मात्र विचारा. झेडझेडला दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण असतं, ते उघड्या बेअरिंगच्या जागी डोळे झाकून चालवायचं नाही. खात्री झाली की एक वस्तू, एक कोड. हे कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं याच यादीवर उभं राहतं.

४. सगळ्याच वस्तूंसाठी तीन कोटेशन घ्यायची का?

नाही. पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये मांडलेली चार खान्यांची विभागणी आजही उपयोगी पडते. ती दोनच प्रश्न विचारते: या वस्तूचा आपल्या नफ्यावर परिणाम किती, आणि ती मिळणं किती अवघड?

पॅकिंगची खोकी, पॉलिथिन पिशव्या यांच्यावर पैसा बराच जातो आणि विकणारे भरपूर. इथे कोटेशन, घासाघीस, वर्षाचा करार सगळं करा. स्टेशनरी, झाडू, नट-बोल्ट स्वस्त आणि सहज मिळणारे. तिथे कोटेशनचा कागद वस्तूपेक्षा महाग पडतो. एका दुकानाशी वर्षाचे रेट ठरवा आणि महिन्याचं एक बिल घ्या. परदेशी रॅपियर मागाचा इलेक्ट्रॉनिक भाग किमतीने कारखान्याच्या हिशेबात किरकोळ, पण तो नसला तर माग उभा. तिथे रेटच्या मागे लागू नका, साठा ठेवा (प्रश्न ९).

चौथा खाना सूत, रंगणी आणि जकार्डवर विणून देणाऱ्या जॉबवर्कवाल्यांचा. पैसाही मोठा आणि बदलणंही कठीण. खरेदीखात्याच्या प्रमुखाचा निम्मा वेळ याच खान्यावर जायला हवा. प्रत्यक्षात तो खोक्यांच्या कोटेशनांत जातो.

५. रंग-रसायनं किलोमागे स्वस्त मिळाली तर घेऊ नयेत का?

किलोचा भाव बाजूला ठेवा आणि ‘एक किलो टॉवेल रंगवायला किती खर्च आला’ हा आकडा काढा. सोलापुरात तर काढायलाच हवा, कारण आपल्याकडे पाणी हाच कच्चा माल आहे. उजनीत पाणी असलं तरी शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि उन्हाळ्यात टँकरचं बिल पाहून भल्याभल्यांना घाम फुटतो.

रिॲक्टिव्ह रंगात जेवढा रंग धाग्याला चिकटत नाही तेवढा धुऊन काढावा लागतो. चिकटण्याचं प्रमाण कमी असलेला स्वस्त रंग जास्त धुण्या मागतो. म्हणजे पाणी जास्त, ते तापवायला बॉयलरचं जळण जास्त, आणि शेवटी ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर) भार जास्त. रंगाची छटा पहिल्या वेळी जुळली नाही तर सगळा लॉट पुन्हा भांड्यात. हे चार खर्च चार वेगवेगळ्या खात्यांत पडतात, म्हणून पर्चेसच्या कागदावर स्वस्त रंग स्वस्तच दिसत राहतो.

करायचं असं: रंगणी मास्तरांना सोबत घ्या, दोन्ही रंगांचे सारखे लॉट लावा, धुण्या मोजा, पाण्याच्या मीटरचा आधी-नंतरचा आकडा लिहा, वाफ आणि वेळ लिहा. एका आठवड्यात उत्तर मिळतं. कधीकधी स्वस्त रंगच जिंकतो, मग निर्धास्त घ्या.

६. उधारी जितकी जास्त मिळवू तितका फायदा ना? आमच्याकडे नव्वद दिवस चालतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि इथे माझं मत ठाम आहे: लहान पुरवठादाराचे पैसे दाबून ठेवणं ही सगळ्यात महागडी बचत आहे.

आधी कायदा. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर एमएसएमईडी कायदा २००६ (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा कायदा) प्रमाणे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात, आणि ती मुदत काही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. ‘तोंडी नव्वद दिवस ठरलं होतं’ याला काही अर्थ नाही. मुदत चुकली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज, आणि ते व्याज आयकरात खर्च म्हणून धरलं जात नाही.

त्यावर १ एप्रिल २०२४ पासून आयकराची तरतूद आली, तिला सगळे ४३बी (एच) म्हणून ओळखतात. मुदत उलटून गेलेली आणि ३१ मार्चला न दिलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चातून निघते. प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी खर्च मिळतो. करार आहे, माल १ फेब्रुवारीला आला, ४५ दिवस मार्चच्या मध्यावर संपले आणि पैसे एप्रिलमध्ये दिले, तर मार्चअखेर संपलेल्या वर्षासाठी त्या रकमेवर कर भरावा लागेल. माल १० मार्चला आला आणि मुदतीतच एप्रिलमध्ये पैसे दिले तर अडचण नाही.

आता व्यवहार. नव्वद दिवसांची उधारी देणारा यंत्रमागवाला ते पैसे कुठून आणतो? बाजारातून, आपल्या बँकेच्या दरापेक्षा कितीतरी महाग व्याजाने, आणि ते व्याज आपल्या रेटमध्ये घालतो. म्हणजे त्याच्या सावकाराचं व्याज आपणच भरतो. त्याच्याशी बसा आणि विचारा, “पंधराव्या दिवशी नक्की पैसे दिले तर रेट काय?” मी हे अनेकांना करायला लावलं आहे. बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज वजा करूनही बहुतेकदा आपल्या पदरात काहीतरी पडतं. शिवाय सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत कामगार कमी असताना तो कोणाचा माल आधी विणतो, हेही मग वेगळं सांगावं लागत नाही. सोलापुरात कोण वेळेवर पैसे देतो याची बातमी पेठेत फार लवकर पसरते.

७. सुताच्या व्यापाऱ्याकडेही उद्यम प्रमाणपत्र (सरकारी एमएसएमई नोंदणीचं) आहे. त्यालाही ४५ दिवस लागू?

नाही. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी २०२१ मध्ये दिली ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिरा पेमेंटचं संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना. मात्र विणून, रंगवून, शिवून देणारा जॉबवर्कवाला त्यात येतो. मध्यम उद्योग येत नाही. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा बदलल्या आहेत: सूक्ष्मसाठी गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, लघुसाठी २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत. म्हणून काल ‘मध्यम’ असलेला पुरवठादार आज ‘लघु’ असू शकतो. प्रमाणपत्रांची प्रत दर एप्रिलमध्ये नव्याने मागवा.

८. माल खराब निघाला म्हणून पैसे अडवले, तरी दिवस मोजले जातात?

लेखी हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत घेतली असेल तर मुदत पुरवठादाराने ती हरकत दूर केल्यापासून धरतात. नाहीतर माल मिळाला त्या दिवशीच तो स्वीकारला असं मानलं जातं. फोनवर ओरडून उपयोग नाही. जीआरएनवर (माल मिळाल्याच्या पावतीवर) शेरा, सोबत फोटो आणि त्याच दिवशी ईमेल. माल आला की तीन दिवसांत तपासणी झालीच पाहिजे, हा नियम स्टोअरच्या भिंतीवर लावा. चाळिसाव्या दिवशी अकाउंट्सने आठवण केल्यावर रिजेक्शन दाखवणारे कारखाने मला माहीत आहेत. ते कोर्टात टिकत नाही, आणि खरं तर ते बरोबरही नाही.

९. मशीनचा भाग एकाच कंपनीकडे मिळतो. तिथे आमची काय ताकद?

मशीन विकत घेतल्यानंतर फारशी नाही. ताकद मशीन घेण्याच्या आधी असते. ऑर्डर देण्यापूर्वी मागणी करा: झिजणाऱ्या भागांची यादी, त्यांचे पाच वर्षांचे रेट किंवा रेट वाढवण्याचं सूत्र, आणि भाग पोचवायची मुदत. सही होण्याआधी विक्रेता हे देतो, नंतर फोनही उचलत नाही. मशीन आधीच घेतलं असेल तर त्याच बनावटीचे माग असलेले शेजारचे कारखाने शोधा. महागडा इलेक्ट्रॉनिक कार्ड एकाने ठेवायचा, मोटर दुसऱ्याने, आणि गरजेला एकमेकांना द्यायचं. साधे यांत्रिक भाग इथल्या इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये नमुन्यावरून बनवून पाहा. पण त्याआधी वॉरंटीची अट वाचा.

१०. मागच्या वर्षी एवढं वाचवलं असं सांगितलं, तर मालक म्हणाले, “मग बँकेत का दिसत नाही?”

मालकांचा प्रश्न रास्त आहे. पुरवठादाराने आधी १०० सांगितले आणि आपण ९० ला घेतलं, ही बचत धरू नका. तो १०० मुळात भाव करण्यासाठीच सांगितलेला असतो. बाजारच उतरला म्हणून सूत स्वस्त पडलं, तीही तुमची कमाई धरता येत नाही. नाहीतर बाजार चढेल तेव्हा तोटाही तुमच्या माथी येईल.

सुतासाठी दर महिन्याचा बाजारभाव एका रकान्यात लिहा आणि आपला भाव शेजारी. बाजारभावाच्या तुलनेत आपला भाव खाली येत गेला तर ते तुमचं काम. बाकी वस्तूंसाठी मागच्या वर्षी प्रत्यक्ष दिलेला सरासरी रेट आणि या वर्षी प्रत्यक्ष घेतलेले नग. अकाउंट्सने सही केल्याशिवाय बचतीचा आकडा बाहेर सांगायचा नाही, असं स्वतःवर बंधन घाला. आकडा लहान दिसेल, पण पुढच्या वेळी कोणी शंका घेणार नाही. तुटीमुळे थांबलेले तास, परत आलेला माल, कमी झालेलं पाणी हेही त्याच कागदावर आणा (प्रश्न २ आणि ५).

११. कापूस चढणार असं सगळे म्हणतात. सूत भरून ठेवू का?

हातात ऑर्डर आहे तेवढ्याचं घ्या. टॉवेलचा रेट गिऱ्हाइकाला कबूल केला त्याच दिवशी त्याला लागणारं सूत बांधून टाका, त्यात चालढकल नको. त्यापलीकडचा साठा हा कापसाचा सट्टा आहे. कापसाचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर. आवक, हमीभाव, आयातशुल्क यांतलं काहीही एका रात्रीत बदलतं. २०२१-२२ मध्ये सूत भडकलं तेव्हा साठा असलेले हसले, आणि नंतर उतरल्यावर महाग सूत घेऊन बसलेले रडले. दोघांनाही आधी कळलेलं नव्हतं.

१२. आम्ही साखर कारखान्याच्या पर्चेसमध्ये आहोत. हे सगळं टॉवेलवाल्यांचं वाटतं.

तुमच्याकडे तर सगळा खेळ वेळेचा. गाळप चालू असताना बेअरिंग गेलं की मिळेल त्या भावाने आणावं लागतं, आणि ते योग्यच आहे, कारण ऊस गव्हाणीत वाळत असतो. पण तीच यादी दर सीझनला तशीच येते. मागच्या तीन सीझनची तातडीची खरेदी काढा. ज्या वस्तू दोनदा आल्या त्या ऑफ-सीझनच्या ओव्हरहॉलिंगमध्ये आधीच मागवा. पुरवठादारही तेव्हा रिकामा असतो. पोत्यांच्या बाबतीत ताग सक्तीचं प्रमाण, साखरेसाठी २० टक्के, आधी पाहा आणि मगच प्लास्टिकच्या पिशव्यांचा करार करा.

१३. मी विकणारा आहे, चिंचोलीत लहान वर्कशॉप आहे. मोठ्या कंपन्यांच्या खरेदीत शिरायचं कसं?

केंद्र सरकारच्या कंपन्यांना वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करावी लागते. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. आपल्या दारात एनटीपीसीचा प्रकल्प आहे, त्यांनाही हे लागू. जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) नोंदणी करा आणि उद्यमचा तपशील अद्ययावत ठेवा. पैसे अडकण्याची भीती असेल तर ट्रेड्स (बिलांवर आधी पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था) पाहा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. त्यांनी तुमचं बिल तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि तुम्हाला पैसे आधी मिळतात.

१४. सगळी खोकी मालकांच्या मेव्हण्याकडूनच घ्यायची असा आदेश आहे. मी काय करू?

बहुतेक जण हा प्रश्न नाव न सांगता विचारतात. नात्यातल्या माणसाकडून घेणं हा गुन्हा नाही. पण बाजारापेक्षा जास्त रेट दिला तर आयकर अधिकारी तेवढा जास्तीचा खर्च नाकारू शकतात, आणि कंपनी असेल तर संबंधित व्यक्तींशी केलेल्या व्यवहाराचे कंपनी कायद्याचे नियम लागू होतात. दर सहा महिन्यांनी बाहेरचे दोन रेट लेखी घ्या, तीन ओळींची नोंद करून मालकांपुढे ठेवा आणि सही घ्या. आरोपाच्या सुरात नको. “साहेब, ऑडिटला लागेल,” एवढं पुरतं. मालकांना फरक दिसला की बऱ्याचदा ते स्वतःच मेव्हण्याशी बोलतात.

१५. वीस वर्षांचा जुना जॉबवर्कवाला महाग पडतोय. त्याला सोडायचं कसं?

आधी त्याच्या शेडवर जा. माझ्या एका जुन्या यंत्रमागवाल्याचा रेट बाजारापेक्षा जास्त होता. मी जुन्या पेठेतल्या त्याच्या शेडमध्ये सकाळी जाऊन बसले. दुपारपर्यंत एका मागावर दोनदा रंग बदलला गेला. दोन्ही वेळा त्याचा मुलगा बॉबिनी उतरवून नव्या लावत होता, आणि माग उभा. एवढे बदल कशासाठी, विचारलं तर त्याने खिशातून आमच्याच चिठ्ठ्या काढल्या. रोज आमचा माणूस नव्या रंगाची चिठ्ठी पाठवत होता. त्याचा जास्तीचा रेट आमच्या नियोजनानेच तयार केला होता. आम्ही पंधरा दिवसांची रंगांची यादी एकदम द्यायला लागलो, आणि पुढच्या महिन्यात रेटवर नीट बोलणं झालं.

तरीही जमत नसेल तर तीन महिने आधी तोंडावर सांगा, लेखीही द्या, आणि त्या काळात काम हळूहळू कमी करा. त्याच्याकडे पडून असलेल्या आपल्या सुताचा हिशेब दोघांनी मिळून काट्यावर तोलून करा. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही तर जीएसटीत तो त्याला विकला असं धरतात. शेवटचं बिल मात्र त्याच्या हातात त्याच दिवशी द्या.